सेलमचे साउथविक घराणे

सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेत वसाहती स्थापन करणाऱ्या प्युरिटन मंडळींची ओळख ‘धर्मस्वातंत्र्यासाठी मायभूमीचा त्याग करणारे’ अशी करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. तेच स्वातंत्र्य दुसऱ्याला देण्याचा प्रसंग आला तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने काय केले, हे सेलम गावच्या साउथविक घराण्याच्या इतिहासावरून कळते.

लॉरेन्स साउथविक व त्यांच्या पत्नी कॅसान्ड्रा १६३९ पर्यंत सेलममध्ये स्थिरावले होते. त्या वर्षी गावाने ज्या काचकारागिरांना जमिनी दिल्या, त्यांत लॉरेन्स यांचे नाव आहे. दोघेही गावच्या चर्चचे सभासद होते. घर, फळबाग, मुलेबाळे असा भरला संसार होता. एका मुलीचे नाव त्यांनी ‘प्रोव्हायडेड’ असे ठेवले होते. ईश्वराने दिलेली, असा त्याचा भाव. आपल्याकडील ‘देवदत्त’ या नावाच्या जातीचे ते नाव.

१६५६ मध्ये क्वेकर पंथाचे पहिले उपदेशक बोस्टनच्या बंदरात उतरले. प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ईश्वरी प्रकाश आहे, त्यासाठी पगारी धर्मगुरूची आवश्यकता नाही, अशी या पंथाची श्रद्धा. शपथ घ्यावयाची नाही, अधिकाऱ्यापुढे टोपी काढावयाची नाही आणि उपासनेसाठी एकत्र जमून मौन धरावयाचे, असा त्यांचा आचार. सामायिकाचा परिपाठ असणाऱ्यांना हे मौन परके वाटणार नाही. मात्र क्वेकरांचे मौन ईश्वराची प्रेरणा ऐकण्यासाठी असते, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. वसाहतीच्या शासनाने त्याच वर्षी या पंथाविरुद्ध कायदा केला आणि पुढे तो अधिक कठोर केला.

१६५७ मध्ये ख्रिस्तोफर होल्डर व जॉन कोपलंड हे दोन क्वेकर उपदेशक सेलमला आले. चर्चमध्ये होल्डर बोलू लागताच त्यांचे केस धरून तोंडात हातमोजा व रुमाल कोंबण्यात आला. सॅम्युएल शॅटक या गावकऱ्याने तो हात बाजूला ओढला, म्हणून त्यालाही अटक झाली. या दोघा पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतले, हा साउथविक दांपत्याचा अपराध. लॉरेन्स यांना चर्चच्या स्वाधीन करण्यात आले. कॅसान्ड्रा यांना मात्र क्वेकरांचे एक पत्रक जवळ बाळगल्याबद्दल सात आठवडे तुरुंगवास आणि चाळीस शिलिंग दंड झाला. त्यानंतर पतिपत्नी आणि पुत्र जोसाया यांना पुन्हा पुन्हा तुरुंग, फटके आणि दंड यांना सामोरे जावे लागले. तरीही त्यांनी चर्चची उपस्थिती स्वीकारली नाही. अखेर मे १६५९ मध्ये तिघांनाही हद्दपार करण्यात आले. परतल्यास शिक्षा मृत्यूची.

मागे राहिलेल्या डॅनियल व प्रोव्हायडेड या भावंडांवर दंडाची रक्कम साचली होती. आपल्याजवळ मालमत्ता नाही, असे ती सांगत होती आणि दंड फेडण्यासाठी काम करावयासही तयार नव्हती. तेव्हा त्या दोघांना व्हर्जिनियात किंवा बार्बाडोसमध्ये कोणाही इंग्रजाला विकून वसुली करावी, असा अधिकार न्यायसभेने खजिनदारांना दिला. एका ख्रिस्ती वसाहतीने आपल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या लेकरांविषयी काढलेला हा हुकूम आहे! सेलमचा एडमंड बॅटर जहाज शोधू लागला. क्वेकर वृत्तांतानुसार एका कप्तानाने आढेवेढे घेतले. ही माणसे माझे खलाशी बिघडवतील, असे तो म्हणाला. ती अगदी निरुपद्रवी आहेत, असे बॅटरने सांगताच, मग अशा निरुपद्रवी जीवांना गुलाम करावयास निघालात काय, असे कप्तानाने त्यालाच विचारले. कोणीही त्यांना नेले नाही. हुकूम कागदावर राहिला.

वृद्ध मातापित्यांनी लाँग आयलंडजवळील शेल्टर आयलंड बेटावर नथॅनिएल सिल्व्हेस्टर यांच्या घरी आसरा घेतला. तेथेच जुलै १६५९ मध्ये लॉरेन्स यांनी मृत्युपत्र केले आणि सेलमचे घर डॅनियलच्या नावे ठेवले. १६६० मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोघांचाही देहान्त झाला. आश्रयदात्याविषयी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. सिल्व्हेस्टर यांचे वैभव बार्बाडोसच्या साखरमळ्यांशी जोडलेले होते. १६८० च्या त्यांच्या मृत्युपत्रात वीसहून अधिक गुलाम माणसांची वाटणी आहे. ज्या बेटावर साउथविकांची मुले विकली जावयाची होती, त्याच बेटाशी होणाऱ्या व्यापारावर हे आश्रयाचे घर उभे होते. क्वेकर समाजाला गुलामगिरीचा पूर्ण त्याग करावयास त्यानंतर जवळजवळ एक शतक लागले.

१६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी देण्यात आली. त्यांत मेरी डायर ही एक स्त्री होती. त्यानंतर राजा दुसरा चार्ल्स याचे आज्ञापत्र घेऊन १६६१ मध्ये बोस्टनला कोण आले, तर हद्दपार झालेला तोच सॅम्युएल शॅटक. फाशी थांबली, फटके मात्र चालूच राहिले.

प्रोव्हायडेडचा विवाह १६६२ मध्ये सॅम्युएल गॅस्किल यांच्याशी झाला, डॅनियलचा पुढच्या वर्षी एस्थर बॉइस यांच्याशी. दोन्ही घरांची वंशवेल पुढे अमेरिकेत दूरवर पसरली. कवी व्हिटिअर यांनी १८४३ मध्ये या प्रसंगावर काव्य लिहिले, परंतु त्यात मुलीला आईचे नाव दिले. त्यामुळे पुष्कळ वाचक आजही विक्रीचा हुकूम कॅसान्ड्रा यांच्यावरच निघाला होता, असे समजतात. शेल्टर आयलंडवर १८८४ मध्ये उभारलेल्या स्मारकावर लॉरेन्स आणि कॅसान्ड्रा यांची नावे कोरलेली आहेत.