गारा, गोठा आणि कडब्याचे छप्पर

बुलढाण्याजवळ, पैनगंगेकाठी वसलेल्या देऊळघाटात हिमवर्षाव होत नाही. तरीही शेळ्यांच्या उघड्या वाड्यावर आकाशातून बर्फ कोसळू शकतो, तो गारांच्या रूपाने. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यालाही तिचा तडाखा बसला.

उघड्यावरची जनावरे गारपिटीत आधी सापडतात. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद भागात गारांनी २४६ माणसे दगावली. शेळ्या-मेंढ्या मेल्या सोळाशेहून अधिक. पुढे हवामान खात्याच्या जॉन इलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातील भारतातल्या गारपिटींचा आढावा १८९९मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १८९६पासून, ऑस्ट्रियात अल्बर्ट श्टीगर ढगांवर तोफा डागत होते. इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या; पण गारा थांबल्या नाहीत. मग उरतो तो जुनाच उपाय, छप्पर.

हे छप्पर कसे असावे? २ सेंटिमीटर व्यासाची गार सुमारे ४ ग्रॅम भरते, ४ सेंटिमीटरची ३० ग्रॅम. व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होते आणि पडण्याचा वेग सुमारे १.४ पट. म्हणून आघाताची ऊर्जा सोळापट! ताठ सिमेंटचा पत्रा ती जवळजवळ जागच्या जागी अडवतो, त्यामुळे बल प्रचंड वाढते आणि पत्रा तडकतो. कडब्याचा किंवा तुराट्यांचा जाड थर मात्र दबत दबत गार थांबवतो. अंतर वाढले, बल घटले.

पण एवढ्याने भागत नाही. साचलेल्या गारांचा १० सेंटिमीटर थर दर चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास भार टाकतो. इथे आपला प्रश्न हिमप्रदेशातल्या घरासारखाच होतो, आणि उत्तरही तेच: उतार आणि भक्कम मेढी. शिवाय गारांबरोबर वादळ येते, म्हणून छप्पर खाली घट्ट बांधलेले हवे. कडबा पेट घेतो, कुजतो. तेव्हा तो उतरत्या टिनपत्र्यावर पसरून वरून जाळीने आवळणे बरे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. फरशीवर खडू ठेवून डोक्याच्या उंचीवरून त्यावर गोटी सोडा. मग दुसऱ्या खडूवर कडब्याचा चार बोटे थर देऊन पुन्हा सोडा. कोणता खडू वाचला, आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. त्यांच्यापैकी काहींच्या घरी शेळ्या असतील. उत्तर त्यांच्या उपयोगाचे आहे.