पिठातली खपली ओळखायची कशी?

आपल्या चांदीपला गहू नाही. भात निघालं की वाल. तरी आज गव्हावर लिहितोय, कारण परवा बाजारातून ‘अस्सल खपली’चं पीठ आणलं आणि घरच्यांनी विचारलं, अस्सल कशावरून? मला सांगता येईना.

पूर्वी ओळख डोळ्यांनीच व्हायची. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बिहारातल्या पुसा इथे हॉवर्ड पती-पत्नींनी कुसळ, तूस, दाण्याचा रंग बघून देशातल्या गव्हांची वर्गवारी केली. काम फार मोठं. पण नावं वेगळी अन् रक्त एकच, हे डोळ्याला कळत नाही. लोक-1 घ्या. तो सोनालिका आणि छोटी लर्माचा संकर, आणि ते दोन्ही मेक्सिकोकडून आलेल्या बियाण्यातले. शेजारी शेजारी तीन वाण दिसतील, तांबेऱ्याला मात्र एकाच घरातली माणसं!

डीएनए मार्कर म्हणजे बांधावरचा हद्दीचा दगड समजा. कोवळ्या पानातून डीएनए काढायचा, ठरावीक तुकड्यांच्या प्रती यंत्रात वाढवायच्या, मग जेलवर पट्ट्या उमटतात. पट्ट्या जितक्या जुळतील तितकं नातं जवळचं. खत-पाण्याने त्या बदलत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1999 साली आपल्याकडच्या 28 गुणसूत्रांच्या गव्हांचे, म्हणजे बन्सी-खपलीच्या जातकुळीचे, नातेसंबंध असेच मांडले. चपातीच्या साध्या गव्हात 42 गुणसूत्रं. जास्तीची 14 म्हणजे ‘डी’ संच. खपलीच्या पिठात साधा गहू मिसळला असेल तर ‘डी’ची खूण सापडते. घरच्यांना उत्तर मिळालं, पण ते प्रयोगशाळेत!

खपली मागे का पडली? दाणा तुसाला घट्ट, भातासारखा सडावा लागतो, वर उतारा कमी. पण तिची तांबेऱ्याशी झुंजायची ताकद परदेशात आधी ओळखली. अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायच्या 12 गव्हांत ‘खपली’ याच नावाने ती होती. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी तिच्याशी संकर करून ‘खपस्टीन’ केला. युगांडात 1998-99 मध्ये यूजी-99 हा नवा तांबेरा निघाला, तेव्हा त्याला अडवणाऱ्या जनुकांत एसआर-13 निघालं. ते खपलीत आहे. मार्करच्या मदतीने त्याची नेमकी जागा 2017 मध्ये हाती लागली.

सांगली-साताऱ्याकडच्या कुणाच्या कणगीत घरचं जुनं खपलीचं बी असेल तर गाव आणि किती वर्षांपासूनचं, एवढं इथे लिहा.