शेवटचा आकडा दोनदा का मोजला जातो? सी भाषेतील एका जुन्या चुकीचा इतिहास

१/ फाइलमध्ये तीन ओळींत तीन गुण आहेत : ४०, ५०, ६०. नवशिक्याचा सी प्रोग्रॅम मात्र चार नोंदी, बेरीज २१० आणि सरासरी ५२.५ दाखवतो. कंपायलर तक्रार करत नाही, प्रोग्रॅम बंदही पडत नाही. केवळ उत्तर चुकते. या चुकीमागे दोन भाषांच्या दोन भिन्न धारणा आहेत.

२/ निक्लाउस विर्थ यांची पास्कल भाषा १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फाइलमधील पुढचा घटक आधीच हाताशी असे. त्यामुळे ‘फाइल संपली का?’ या प्रश्नाचे उत्तर वाचनापूर्वी मिळे आणि ‘संपली नाही तोवर ओळ वाच’ ही रचना बिनचूक चाले.

३/ त्याच दशकात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी युनिक्ससाठी सी घडवली. युनिक्समध्ये फाइल आणि कीबोर्ड एकाच रीतीने वाचले जातात. कीबोर्डवरून पुढे काही येणार की नाही, हे वाचून पाहिल्याविना कळणे अशक्य. म्हणून सीमधील ‘एफईओएफ’ हे फंक्शन भविष्य सांगत नाही. आधीचे वाचन फाइलच्या शेवटाला भिडले होते का, एवढेच सांगते.

४/ पास्कलची रचना जशीच्या तशी सीमध्ये आणली, की घोटाळा होतो. ६० वाचल्यावर ओळ संपल्याची खूण शिल्लक राहते. फाइल अजून संपलेली नाही असे समजून लूप पुन्हा फिरतो, वाचन फसते, चलात जुना ६० तसाच राहतो आणि तोच बेरजेत मिळवला जातो.

५/ शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेले नसेल, तर हाच प्रोग्रॅम अचूक १५० देतो. एका फाइलवर बरोबर, दुसरीवर चूक. म्हणूनच ही चूक चाचणीतून निसटते.

६/ उपाय जुनाच आहे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथातील पहिल्याच प्रकरणात अक्षरे, ओळी व शब्द मोजणारे प्रोग्रॅम आहेत. तेथे वाचन लूपच्या अटीतच होते. आपल्या उदाहरणात ‘एफस्कॅनएफ’ किती मूल्ये वाचली ते परत सांगते. ते उत्तर १ असेल तोवरच बेरीज करावी.

७/ फाइलमध्ये आकड्याऐवजी ‘गैरहजर’ हा शब्द असला, तर चुकीचा लूप कधीच थांबत नाही; कारण वाचन त्या शब्दापुढे सरकतच नाही. सुधारलेला लूप थांबतो. पण का थांबला? फाइल संपली म्हणून, की मध्येच अडला म्हणून? ‘एफईओएफ’ला विचारण्याची योग्य वेळ हीच : लूपच्या आधी नव्हे, नंतर.