कैफियतीवाचूनचा रोगी

मराठेशाहीत वतनाचा तंटा असो वा शिवेचा, वादी-प्रतिवादींच्या तकरिरी आणि कैफियती, म्हणजे त्यांची आपापली म्हणणी, लिहून घेतल्यावाचून निवाडापत्रावर सहसा शिक्का उमटत नसे. परंतु ज्या करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीखाली ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच गादीवरील एका छत्रपतीच्या दुखण्याचा निवाडा मात्र परस्पर झाला, हा दैवदुर्विलास विलक्षण म्हटला पाहिजे.

त्या छत्रपतीच्या आधी गादीवर असलेले राजाराममहाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांची प्रवासातील दैनंदिनी 1872 साली छापली गेल्याने त्यांचा आवाज निदान कागदावर तरी उरला. त्यांच्यामागून 1871 साली वयाच्या आठव्या वर्षी गादीवर दत्तक आलेल्या चौथ्या शिवाजीमहाराजांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. त्यांच्या मनोव्याधीविषयी दिवाण माधवराव बर्वे यांनी एक सांगावे, गोऱ्या अधिकाऱ्यांनी तेच शेऱ्यात उतरवावे, पुण्याच्या वृत्तपत्रांनी उलट सांगावे. ज्याचे दुखणे, त्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते ते बहुधा परमुखातूनच.

त्यांच्या बाजूने जे वकीलपत्र घेतले गेले, तेही दुर्दैवी ठरले. महाराजांचा छळ होत आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी आवेशाने लिहिले. पण ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि 1882 साली या वृत्तपत्रांचे चालक टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची सजा होऊन डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्याच तुरुंगात आगरकर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर करीत होते. वेड्यात काढलेल्या राजपुत्राचे ते नाटक. या योगायोगाकडे कोल्हापूरकराला निर्विकारपणे पाहता येत नाही. कळकळ खरी असली, तरी रोग्याच्या तोंडचा शब्द हाती नसता केलेली वकिली किती ठिसूळ असते, हेच या खटल्याने दाखविले, असे माझे मत आहे.

पुढची हकीकत थोडकी आहे. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले, आणि 25 डिसेंबर 1883 रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. तेही वीस वर्षांचेच होते. त्यानंतर 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातून शाहूमहाराज दत्तक आले.

महाराजांना जे स्वतःच्या तोंडाने सांगता आले नाही, ते सांगण्याची वाट आता कायद्याने मोकळी केली आहे. 2017 सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा आणि स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क दिला. तरीही, मनाचे असो वा शरीराचे, जुनाट दुखणे अंगावर वागविणारी कितीतरी माणसे डॉक्टर रागावतील या धास्तीने अर्धी गोष्ट गिळून उठतात, आणि उरलेली सोबतचा नातलगच सांगून टाकतो. म्हणून कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे राहणाऱ्या वाचकास एवढीच विनंती, की कोणते दुखणे केव्हा वाढले, कोणत्या गोळीने काय झाले आणि आज काय विचारायचे आहे, एवढी कैफियत घरूनच स्वहस्ते लिहून न्यावी, आणि ती वाचून झाल्याशिवाय खुर्ची सोडू नये.