तळटीप : बार्नवरची गोधडी

लेखिकेला वळणावरून दिसलेली ‘गोधडी’ कापडाची नव्हे, प्लायवूडवर रंगवलेली आहे. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरात घराजवळ लाकडी बार्न असतो : खाली गुरे, माळ्यावर गवत. तंबाखूच्या पट्ट्यात त्यातच आडव्या वाशांना पाने टांगून वाऱ्यावर वाळवतात. म्हणून भिंतींना उघडझाप करता येणाऱ्या फटी. अशा भिंतीवर बहुधा ८ फुटी चौकोन ठोकून त्यावर गोधडीतला एकच नमुना मोठा करून रंगवतात. पुष्कळदा तो घरातल्या आजीने शिवलेला असतो. प्रथा दिसते तितकी जुनी नाही. ओहायोतील अ‍ॅडम्स काउंटीत डोना स्यू ग्रोव्ह्ज यांना आई मॅक्सीन यांच्या गोधडीकामाच्या सन्मानार्थ घरच्या बार्नवर असा चौकोन हवा होता. कल्पना गावाने उचलली आणि २००१ मध्ये पहिला चौकोन लागला तो मात्र दुसऱ्याच शेतावर! नमुना ‘ओहायो स्टार’. पुढे केंटकी, नॉर्थ कॅरोलायना असा प्रसार झाला. गोधड्यांतल्या खुणा पाहून गुलाम पळून जात, ही कथाही हौसेने सांगितली जाते; तिला भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. वाचकांनी ती या चौकोनांना जोडू नये. – संपा.