पारचे, निखारा आणि गरम हवा

रिठदसारख्या गावात एअर फ्रायर येईल आणि त्यात म्हशीच्या गोश्ताचा 'स्टेक' भाजला जाईल, असे पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पुण्यात नोकरीला असलेला आमचा पुतण्या मागच्या बकरी ईदला हे यंत्र घेऊन आला. घरातल्या बायकांनी आधी त्यात पापड भाजून पाहिले, मग बटाटे, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी गोश्त. त्यावरून घरात वाद झाला. पुतण्याचे म्हणणे, हा स्टेक आहे, हा साहेबी पदार्थ आहे. आमची म्हातारी फुफी म्हणाली, "ये क्या नवा है? ये तो अपने पारचेच हैं." दोघांपैकी खरे कोण, याचा विचार करता करता आम्हाला बरेच मागे जावे लागले.

'स्टेक' हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून. काठीला किंवा सळईला खोचून भाजलेले मांस, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे आपल्या सीखचाच तो दूरचा भाऊ. 'कबाब' या अरबी शब्दाच्या मुळाशीही भाजणेच आहे. आणि तेलाचा थेंब न घालता भाजलेल्या मांसाचा उल्लेख तर आपल्याला कुरआनातच सापडतो. हजरत इब्राहीम यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले तेव्हा त्यांनी भाजलेले वासरू पुढे ठेवले, ही हकीकत सूरह हूदमध्ये आहे. तिथे आलेल्या 'हनीज' या शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी तापलेल्या दगडांवर भाजलेले, असा दिला आहे. कोरड्या उष्णतेवर मांस शिजवणे ही कोणा साहेबाची मिरास नव्हे.

आता वऱ्हाडाकडे येऊ. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अकबराने 1596 च्या सुमारास वऱ्हाड घेतल्यानंतर. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीम, म्हणजे आपले वाशीम, नोंदले आहे. त्याच ग्रंथात शाही मुदपाकखान्याचे प्रकरण आहे. पदार्थांचे तीन वर्ग आहेत आणि कबाबालाही जागा आहे. पण ज्या बासीमचा महसूल अबुल फजलने मांडला, त्या बासीमचा शेतकरी काय भाजून खात होता याबद्दल तो एक अक्षर लिहीत नाही. माळव्याच्या सुलतानांनी 1500 च्या आसपास मांडूला 'निअमतनामा' नावाचे अख्खे पाकपुस्तक चित्रांसह करवून घेतले. तेही राजाच्या ताटाचे पुस्तक. गरिबाच्या चुलीचा इतिहास कागदावर नाही, तो हातात आहे, म्हणून फुफीसारख्यांना विचारावे लागते.

फुफीच्या सांगण्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्याकडे भाजणे मागे पडले ते आवडीमुळे नव्हे, सरपणामुळे. हा कपाशीचा मुलूख. चुलीत जायची ती पऱ्हाटी. पऱ्हाटीचा जाळ भसकन पेटतो आणि तसाच विझतो, त्याचा निखारा टिकत नाही. निखारा हवा तर बाभूळ हवी, आणि बाभळीचे लाकूड औत-बंडीसाठी राखून ठेवलेले. म्हणून रोजचे गोश्त पाण्यात रटरटत शिजायचे, पातळ रश्शाचे, आठ-दहा तोंडांना पुरणारे. पारचे व्हायचे ते ईदला. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से झाले की घरच्या हिश्शातून रेशांच्या आडवे कापून हातभर पातळ पट्ट्या काढायच्या, पाट्यावरच्या वरवंट्याने ठेचायच्या, मीठ, आले-लसूण आणि कच्च्या पपईचा गर लावायचा. थोडे त्याच दिवशी तव्यावर, उरलेले मीठ-हळद लावून दोरीवर वाळत. पावसाळ्यात त्यातली एखादी पट्टी निखाऱ्यावर टाकली की सगळ्या गल्लीला कळायचे. ही वाळवण एकट्या मुसलमानांची नव्हती. महार-मांग घरांतल्या चान्यांबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (2015) या पुस्तकात लिहिले आहे. ते मराठवाड्याचे असले तरी आमच्या लोकांना त्यात आपलेच घर दिसेल.

पपईचीही गंमत आहे. ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेली. म्हणजे ज्याला आम्ही खानदानी मसाला समजतो त्यातली मुख्य वस्तू परदेशीच.

पण पपई आणि वरवंटा लागत होता कशासाठी? गोश्त निबर होते म्हणून. साहेबाचा स्टेक कोवळ्या, खास पोसलेल्या जनावराचा. आमच्या वाट्याला यायचा तो औताला दहा-बारा वर्षे जुंपून थकलेला बैल. इथे कायद्याचा इतिहास सांगावा लागतो. वऱ्हाड आधी मध्य प्रांतात आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्यामुळे इकडे 1949 चा सी. पी. अँड बेरार पशुसंरक्षण कायदा होता. या कायद्याला आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या कायद्यांना कुरेशी समाजाच्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 1958 च्या हनीफ कुरेशी निकालाने गाय आणि वासरांवरील पूर्ण बंदी मान्य केली, पण कामातून गेलेल्या बैलांवर आणि म्हशींवर सरसकट बंदी चालणार नाही असे म्हटले. 2005 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात बैलांपुरती ती भूमिका उलटवली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बैलांवरील बंदीचे विधेयक 1995 मध्येच मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 2015 च्या फेब्रुवारीत. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. तेव्हापासून 'बडे का' म्हणजे म्हैस आणि रेडा. कायद्याने त्याला मनाई नाही, पण गाडी अडवणाऱ्याला हा फरक कळतो किंवा कळून घ्यायचा असतो, असे नाही. 2025 च्या जुलैमध्ये राज्यातल्या कुरेशींनी जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली ती याच जाचाला कंटाळून. थकलेले जनावर दावणीला बांधून बसलेल्या शेतकऱ्यालाही त्याची झळ लागली, हे आमच्या हिंदू शेजाऱ्यांनी आम्हाला सांगितले.

एवढे सगळे ओलांडून ती म्हशीची पट्टी त्या यंत्रात पोहोचते. फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर आणला. नाव तळणीचे असले तरी काम भट्टीचे. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, आणि खाली जाळीच्या टोपलीत पदार्थ. 200 अंशांची हवा त्याच्याभोवती फिरत राहते. म्हशीच्या गोश्तात चरबी कमी, त्यामुळे दोन मिनिटे जास्त झाली की चामडे होते. अनुभवाने आमच्या घरात ठरले ते असे : कसायाकडून अंडरकट मागून घ्यायचा, बोटभर जाडीचाच कापायचा, तासभर आधी मीठ लावायचे, कापडाने अगदी कोरडा टिपायचा, वरून तेलाचा नुसता हात. यंत्र आधी तापवायचे. एका बाजूने चार-पाच मिनिटे, उलटून तेवढीच, मग झाकून पाच मिनिटे तसाच ठेवायचा. टिपणे महत्त्वाचे, कारण पृष्ठभागावरचे पाणी उडाल्याशिवाय तो तपकिरी रंग आणि भाजका वास येत नाही. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये ज्या क्रियेचे वर्णन केले ती हीच. तव्याइतकी खरपूस साल मात्र हवा देत नाही, हे पुतण्यानेही कबूल केले.

खरा वाद पुढेच झाला. कापल्यावर आतून गुलाबी पाणी सुटले आणि घरातल्या अर्ध्या लोकांनी हात मागे घेतला. "खून है." ते रक्त नव्हे. स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ आणि पाणी, एवढेच ते असते. कुरआनाने सूरह अनआममध्ये हराम ठरवले आहे ते वाहते रक्त, आणि जिबह झाल्यावर गोश्तात राहून गेलेल्या लालीला फकीहांनी माफ मानले आहे. आम्ही हे सांगितले, मौलवी साहेबांनीही तेच सांगितले. तरी फुफीने आपला तुकडा उचलून परत टोपलीत टाकला, आणखी सहा मिनिटे. मसला वेगळा आणि जिभेची सवय वेगळी, हे आम्हीही मान्य केले.

दुसऱ्या खेपेला फुफीने पुतण्याला विचारले नाही. अंडरकटची पातळ पट्टी काढली, वरवंट्याने ठेचली, पपई लावून दोन तास ठेवली आणि मग यंत्रात घातली. सात मिनिटांत झाली. आतून गुलाबी राहण्याचा प्रश्नच नव्हता. ताटात वाढताना पुतण्या त्याला स्टेक म्हणाला, फुफी पारचे म्हणाली, आणि दोघांनीही दोनदा घेतले.