चेंडू घालवण्याचा विक्रम

गेल्या शनिवारी सकाळी पाम बीच रोडवरून चालत चालत सारसोळे जेट्टीवर गेलो. एक कोळी काका जाळं सांधत बसले होते. सहज विचारलं, "काका, वर्षातून किती वेळा फाटतं हो?" मान वर न करता म्हणाले, "कोन मोजतंय!"

खेळात मात्र मोजणारे असतात. बास्केटबॉलमधला टर्नओव्हर म्हणजे वाशीच्या मार्केटमधली उलाढाल नव्हे. बास्केटवर शॉट न घेताच चेंडू समोरच्या टीमला देऊन बसणं, म्हणजे चुकलेला पास, ट्रॅव्हलिंग वगैरे. अमेरिकेतल्या एनबीएने खेळाडूगणिक हा हिशोब ठेवायला सुरुवात केली १९७७-७८ च्या मोसमात. त्यामुळे गंमत अशी, की १९७३ पर्यंत खेळलेला विल्ट चेंबरलेन आणि १९७४ ला निवृत्त झालेला ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावावर एकही टर्नओव्हर नाही! करीम अब्दुल जब्बारचे तर पहिले आठ मोसम असेच कोरे. चुका झाल्या नाहीत असं थोडंच आहे? कोण मोजतंय!

बरं, यादीत सगळ्यात वर कोण? लेब्रॉन जेम्स. पाच हजारांचा टप्पा ओलांडणारा पहिला माणूस. आणि फेब्रुवारी २०२३ मधे करीमला मागे टाकून सर्वाधिक गुणांचा विक्रम करणाराही तोच. त्याच्याआधी हा 'मान' कार्ल मलोनचा होता, ४,५२४. त्याचाच जोडीदार जॉन स्टॉकटन ४,२४४ वर. पण स्टॉकटनचे असिस्ट १५,८०६, तोही विक्रमच. म्हणजे एका चुकीमागे साडेतीनाहून जास्त यशस्वी पास. नुसता पहिला आकडा बघितला तर माणूस बेभरवशाचा वाटेल.

आपल्याकडे बघा. नव्वदीत सर्वाधिक वेळा अडकलेला फलंदाज आपला सचिन, २८ वेळा. एकट्या २००७ मधे वनडेत तीनदा ९९ वर आउट! पण नव्वदीपर्यंत इतक्यांदा पोचायला तर हवं. शंभर शतकं करणाराही तोच.

सगळ्याच बदनाम विक्रमांना हे लागू होत नाही हं. अजित आगरकर १९९९-२००० मधे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत लागोपाठ पाचदा शून्यावर गेला आणि 'बॉम्बे डक' हे नाव चिकटलं. (बिचारा बोंबील!) हा पडत्या काळाचा आकडा, भरवशाचा नव्हे. तरी त्यानेच २००२ मधे लॉर्ड्सवर नाबाद १०९ केले. पाच डावांवरून माणूस कळत नाही, तो असा.

हे सगळं आठवायचं कारण खाजगी आहे. मागे एका कंपनीत अप्रेझलच्या वेळी माझ्यासमोर एक एक्सेल शीट ठेवली गेली. टीममधे सर्वात जास्त बग माझ्या नावावर. त्या मोड्यूलचा अर्ध्याहून जास्त कोड मी लिहिला होता, त्याचा कॉलमच नव्हता. मी तेव्हा गप्प बसलो, रेटिंग घेतलं आणि घरी आलो. आज तीच शीट समोर आली तर एकच विचारेन: चेंडू किती वेळ माझ्या हातात होता, तेही लिहिलंय का?

आता मीही लोकांची अप्रेझल्स करतो. शीटमधे तो कॉलम आधी घालतो.

असो. काकांचं जाळं तोवर सांधून झालं होतं.